मूळसंख्येचा पुरावा



स्मृतिव्याख्यानासाठी गणितातला विषय घेतला की तो सगळ्यांना कळेल असा मांडण्याची जबाबदारी वक्त्यावर येते. ती लक्षात ठेवून आज मी मुख्यतः एकाच संख्येबद्दल बोलणार आहे. ती संख्या अशी: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. हिच्यात ३९ अंक आहेत. १२७ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. सोयीसाठी तिला आपण म-१२७ म्हणू या. ‘म’ हे अक्षर सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मोपदेशक आणि गणिती मारँ मर्सेन यांच्या नावातले. १८७६ साली एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने म-१२७ ही मूळसंख्या असल्याचे सिद्ध केले. पुढे १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, हिच्याहून मोठी मूळसंख्या जगात कोणालाही ठाऊक नव्हती. मूळसंख्येची व्याख्या शाळकरी मुलालाही येते: १ आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानेही निःशेष भाग जात नाही ती मूळसंख्या. पण ३९ अंकी संख्येला कशानेच भाग जात नाही, हे एका माणसाने कागदावर आकडेमोड करून कसे ठरवले? त्याच्या म्हणण्यावर आपण विश्वास का ठेवावा? आजचे व्याख्यान या दोन प्रश्नांभोवती फिरते. मोठ्या मूळसंख्येचे खरे मोल तिच्याविषयीच्या पुराव्यात असते, हे माझे प्रतिपादन आहे. ती किती लांब आहे ही गोष्ट दुय्यम. ती मूळ आहे हे कोणत्या युक्तिवादाने कळले, तो युक्तिवाद कोणालाही तपासता येतो का, ही गोष्ट मुख्य.

आधी सरळ मार्ग कुठवर नेतो ते पाहू. एखादी संख्या मूळ आहे का हे ठरवायचे तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या संख्यांनी भाग देऊन पाहायचा, असे आपण शाळेत शिकतो. १०१ साठी २, ३, ५ आणि ७ एवढ्यांनी भागून पाहिले की काम संपते. म-१२७ चे वर्गमूळ २० अंकी आहे. सेकंदाला १०० कोटी भागाकार करणारे यंत्र एकामागून एक संख्या तपासत बसले, तर त्याला चारशेहून अधिक वर्षे लागतील. अर्थात गणिताने हे काम बरेच हलके करता येते. घातांक २ हून मोठा आणि मूळ असेल, तर २ च्या त्या घातातून १ वजा करून आलेल्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून आलेलाच असतो, आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते. लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचे दाखवले ते याच चाळणीने. तिचे वर्गमूळ ४६ हजारांच्या थोडे पुढे आहे, आणि चाळणीतून उरलेल्या पावणेचारशेच्या आतल्या संख्या तपासल्या की निकाल लागतो. हे चिकाटीच्या माणसाच्या आवाक्यातले काम आहे. म-१२७ ला हीच चाळणी लावली तर तपासायच्या संख्यांची मोजदादच सतरा अंकी होते. थोडक्यात, विभाजक शोधत जाण्याचा रस्ता ल्युकांसाठी बंद होता. त्यांना असा पुरावा हवा होता, ज्यात एकाही संभाव्य विभाजकाला हात लावावा लागणार नाही.

पुराव्याची गरज किती खरी होती ते मर्सेन यांच्याच यादीवरून कळते. १६४४ साली त्यांनी लिहिले की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घातांकांना अशी मूळसंख्या मिळते. यादी धाडसी होती, पण तिच्यासोबत सिद्धता नव्हती. पुढे तिच्यात पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ हे यादीतले दोन घातांक चुकीचे ठरले, तर ६१, ८९ आणि १०७ हे तीन यादीत यायला हवे होते ते राहून गेले. ६१ ची भरपाई १८८३ मध्ये इव्हान पर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकाने केली, ८९ आणि १०७ ची १९११ आणि १९१४ मध्ये राल्फ पॉवर्स या अमेरिकी अभ्यासकाने. संपूर्ण यादीचा ताळा लागायला १९४७ साल उजाडले. मर्सेन हे युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार ठेवणारे, आपल्या काळातले अत्यंत जाणकार गृहस्थ. तरीही अकरापैकी दोन विधाने खोटी आणि तीन राहून गेलेली. १२७ हा आकडा त्यांच्या यादीत होता आणि बरोबर होता, पण म-१२७ मूळ आहे हे मर्सेन यांना ‘माहीत होते’ असे आपण म्हणू शकत नाही. त्यांचे विधान खरे निघाले एवढेच. खरे निघणे आणि माहीत असणे यांत दोनशे बत्तीस वर्षांचे अंतर पडले, आणि ते अंतर ल्युकांच्या पुराव्याने भरून काढले.

आता तो पुरावा जवळून पाहू. म-१२७ फार मोठी म्हणून तिच्या जागी तिची धाकटी बहीण, साधी १२७, घेऊ. २ चा ७ वा घात १२८, वजा १, म्हणजे १२७. कृती अशी: ३ पासून सुरुवात करायची. हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, आणि उत्तराला १२७ ने भागून बाकी ठेवायची. ३ चा वर्ग ९, वजा २, उरले ७. ७ चा वर्ग ४९, वजा २, उरले ४७. ४७ चा वर्ग २२०९, वजा २ म्हणजे २२०७. १२७ ने भागल्यावर बाकी ४८. ४८ चा वर्ग २३०४, वजा २ म्हणजे २३०२, बाकी १६. १६ चा वर्ग २५६, वजा २ म्हणजे २५४. आणि २५४ म्हणजे १२७ ची बरोबर दुप्पट, म्हणून बाकी शून्य. घातांक ७, त्याहून एक कमी म्हणजे सहावे पद शून्य आले, आणि १२७ मूळ ठरली. वाटेत एकदाही आपण १२७ ला ३, ५, ७ किंवा ११ ने भागून पाहिलेले नाही. आता २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, घेऊ. तीच कृती केल्यावर ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१ अशी पदे येतात, आणि पुढचे पद पुन्हा १६०. म्हणजे मालिका गोल फिरू लागली. आता ती कितीही लांबवली तरी तीच पाच पदे परत परत येणार आणि शून्य कधीच येणार नाही. २०४७ संयुक्त आहे. ती २३ गुणिले ८९ आहे. पण २३ आणि ८९ हे आकडे मालिकेत कुठेही दिसले नाहीत. संख्या फुटते एवढे मालिकेने सांगितले, कुठे फुटते ते सांगितले नाही.

शून्य आले म्हणजे संख्या मूळ, हे कशावरून? हा युक्तिवाद सांगितल्याशिवाय वरची आकडेमोड जादूचा खेळ वाटेल, म्हणून तो मी थोडक्यात मांडतो. ३ या आरंभीच्या पदामागे एक राशी दडलेली आहे: ३ मध्ये ५ चे वर्गमूळ मिळवून त्याची निमपट. ही राशी आणि तिचा व्यस्तांक यांची बेरीज ३ येते. प्रत्येक पायरीला वर्ग करून २ वजा करणे म्हणजे त्या राशीचा घात दुप्पट करत जाणे. शेवटी शून्य आले याचा अर्थ असा, की या राशीला स्वतःनेच गुणत गेलो तर ती बरोबर २ च्या १२७ व्या घाताइतक्या पायऱ्यांनी पहिल्यांदा १ वर परतते, त्याआधी नाही. आता समजा, म-१२७ ला एखादा खरा विभाजक आहे. मग तिचा सर्वांत लहान मूळ विभाजक तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. त्या विभाजकाने भागून बाकी ठेवायची असे ठरवले, तर पूर्णांक आणि ५ चे वर्गमूळ यांच्या मिश्रणातून घडणाऱ्या वेगवेगळ्या राशी त्या विभाजकाच्या वर्गाइतक्याच उरतात, म्हणजे जास्तीत जास्त म-१२७ इतक्या. त्यांतले शून्य वगळले की आणखी एक कमी. पण आपल्या राशीला तर १ वर परतण्याआधी २ च्या १२७ व्या घाताइतकी, म्हणजे म-१२७ पेक्षा एकाने अधिक, वेगवेगळी रूपे घ्यायची आहेत. तेवढी रूपेच तिथे नाहीत. विसंगती आली, म्हणून विभाजक असू शकत नाही. एवढ्या लहानशा मोजणीवर ३९ अंकी संख्येचे मूळपण उभे आहे. ल्युकांना १२५ वेळा वर्ग करून बाकी काढावी लागली. काम कष्टाचे खरे, पण एका माणसाच्या आयुष्यात मावणारे. १९३० मध्ये डेरिक लेमर यांनी हीच कसोटी ३ ऐवजी ४ पासून सुरू करून २ हून मोठ्या सर्व मूळ घातांकांना लागू पडेल अशी केली, आणि आज जगभरचे संगणक तीच वापरतात.

याच कसोटीच्या विचाराने ल्युकांनी १८७६ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली: मर्सेन यांच्या यादीतल्या ६७ या घातांकाची संख्या मूळ नाही. तिचे अवयव मात्र त्यांच्याकडे नव्हते. ते मिळाले २७ वर्षांनी. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी दाखवून दिले की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार आहे. कोल यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला अशी हकिगत गणिताचे इतिहासकार एरिक टेंपल बेल यांनी लिहून ठेवली आहे. तिचा तपशील थोडाफार रंगवलेला असेल, तरी तिच्यातला मुद्दा पक्का आहे. संयुक्त संख्येचा पुरावा फळ्यावर मावतो: दोन अवयव लिहा, गुणाकार करा, बोलण्याची गरज नाही. मूळसंख्येच्या बाबतीत दाखवायला तशी वस्तू नसते, कारण तिथे दाखवायचा असतो तो अभाव. अभावाचा पुरावा थोडक्यात देता येईल का, हा प्रश्न पुढे शंभर वर्षे गणिताला पुरला. १९७५ मध्ये व्हॉन प्रॅट यांनी दाखवले की प्रत्येक मूळसंख्येला तिच्या मूळपणाचे तुलनेने छोटे प्रमाणपत्र असते. ते शोधणे अवघड असले तरी हाती आल्यावर तपासणे सोपे. आणि ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचे मूळपण, कोणतेही गृहीतक न धरता आणि योगायोगावर काही न सोपवता, अंकसंख्येच्या मानाने आटोपशीर वेळात ठरवणारी पद्धत दिली. त्यांतले दोघे तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. त्यांची पद्धत प्रत्यक्षात ल्युकांच्या कसोटीइतकी वेगवान नाही. पण ल्युकांची कसोटी एका खास घडणीच्या संख्यांपुरती चालते, ही सर्वांना चालते. मूळसंख्येचा पुरावा सुदैवाने मिळणारी वस्तू नाही, तो नेहमीच गाठता येतो, हे या शोधाने कायमचे ठरले.

इथे पहिला आक्षेप येतो. एवढा खटाटोप कशाला? संभाव्यतेने काम भागत नाही का? आक्षेप वजनदार आहे. आपल्या बँकेचे व्यवहार ज्या कुलपांनी सुरक्षित राहतात त्यांतल्या तीनशेच्या आसपास अंकांच्या मूळसंख्या बहुधा अशाच निवडलेल्या असतात: मिलर आणि राबिन यांची कसोटी यादृच्छिक आकडे घेऊन पुन्हा पुन्हा लावायची आणि दरवेळी संख्या पार झाली की तिला मूळ मानायचे. संयुक्त संख्या एका फेरीत निसटण्याची शक्यता फार तर एक चतुर्थांश असते. चाळीस फेऱ्यांनंतर ती व्यवहारात शून्यच. हे मला मान्य आहे, आणि त्या व्यवहाराला नावे ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. पण हा निर्णय आहे, ज्ञान नव्हे, आणि हा फरक कागदी नाही. फर्माच्या प्रमेयानुसार मूळसंख्येहून एकाने कमी घातांक घेऊन २ चा घात केला, तर त्या मूळसंख्येने भागल्यावर बाकी १ उरते (मूळसंख्या २ सोडून). ३४१ ही संख्याही या कसोटीला उतरते, आणि ती तर ११ गुणिले ३१ आहे. कोणी म्हणेल, एखादा अपवाद निघायचाच. पण मर्सेन यांच्या घडणीच्या संख्यांकडे पाहा. घातांक मूळ असला की त्या सगळ्याच, मूळ असोत वा संयुक्त, या कसोटीला उतरतात. २०४७ सुद्धा उतरते, कारण २०४६ ला ११ ने भाग जातो. म्हणजे जिथे आपल्याला उत्तर हवे आहे तिथेच ही कसोटी सरसकट होकार देते. नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष नमुना कुठून घेतला यावर अवलंबून असतो. सिद्धतेला ती मर्यादा नसते.

या संदर्भात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव घ्यायलाच हवे. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण त्यांचा पेशा गणिताचा. १९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मूळसंख्यांचा संख्याशास्त्रीय अभ्यास हा त्यांचा ध्यास होता. मूळसंख्यांच्या नमुना-वितरणावरचा त्यांचा लेख १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. या वाटेने रीमान यांची प्रसिद्ध अटकळ सिद्ध करता येईल अशी त्यांची धारणा होती. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही. तरीही त्यांच्या प्रश्नाची दिशा उथळ नव्हती. घोळक्याने पाहिले तर मूळसंख्या खरोखर संभाव्यतेच्या नियमांसारख्या वागतात. म-१२७ च्या आसपास सरासरीने दर ८८ संख्यांमागे एक मूळ असते, हे १८९६ मध्ये सिद्ध झालेल्या प्रमेयावरून सांगता येते. पण त्या ८८ मधली नेमकी कोणती, याबद्दल ते प्रमेय काही सांगत नाही. घोळक्याचे ज्ञान आणि एकेकीचे ज्ञान ही दोन ज्ञाने आहेत. पहिल्यावरून दुसरे आपोआप मिळत नाही, आणि कोसंबींसारखा प्रतिभावंतही संख्याशास्त्रातून सिद्धतेपर्यंतचा पूल बांधू शकला नाही, यातून तो पूल किती अवघड आहे हेच कळते.

दुसरा आक्षेप यंत्राबद्दलचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचे जाहीर झाले. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘जिम्प्स’ या स्वयंसेवी शोधमोहिमेतून ल्यूक ड्युरंट यांना ती मिळाली. एवढ्या आकडेमोडीची एक ओळही कोणा माणसाने तपासलेली नाही. मग याला पुरावा म्हणायचे का? उत्तरासाठी ती संख्या कशी जाहीर झाली ते पाहावे. डब्लिनमधल्या एका संगणकाने ती प्रथम ‘संभाव्य मूळसंख्या’ म्हणून दाखवली. तेव्हा लावलेली कसोटी फर्माच्या प्रमेयाची होती, २ ऐवजी ३ हा पाया घेऊन. मोहिमेने तेवढ्यावर दवंडी पिटली नाही. टेक्सासमधल्या दुसऱ्या यंत्रावर ल्युका आणि लेमर यांची कसोटी चालवली, शून्य आले, आणि त्यानंतर वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळ्या आज्ञावलींनी तोच ताळा पुन्हा पाहिला. कागदावर केलेला हिशेब तरी आपण याहून वेगळा कसा तपासतो? दुसऱ्या माणसाला तो स्वतंत्रपणे करायला लावतो. हात चुकतो तसे यंत्रही चुकते. १९९४ मध्ये थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करत होते. उत्तरे जुळेनात म्हणून ते शोध घेत गेले, आणि इंटेलच्या पेंटियम चिपमध्येच भागाकाराचा दोष असल्याचे उघड झाले. तो दोष सापडला याचे कारण गणिताची अपेक्षा ताठ होती. उत्तर ‘साधारण बरोबर’ चालले असते तर तो कोणाच्या लक्षातही आला नसता. यंत्राने केलेल्या सिद्धतेत युक्तिवाद माणसाचाच असतो, तो पानभर असतो आणि प्रत्येकाला वाचता येतो. यंत्राकडे असते ती फक्त आकडेमोड, आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचा एकच उपाय आहे: स्वतंत्र फेरतपासणी.

तिसरा आक्षेप उपयोगाचा. चार कोटी अंकांच्या मूळसंख्येचा काय उपयोग? सरळ उत्तर द्यायचे तर कुलूप म्हणून काहीही नाही. ती जगजाहीर आहे आणि अवाढव्य आहे. पण याच कुळातल्या जरा लहान संख्यांचा हिशेब वेगळा आहे. राफेल रॉबिन्सन यांनी ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या एसडब्ल्यूएसी या संगणकावर दोन मूळसंख्या शोधल्या. त्यांतली एक २ चा ५२१ वा घात वजा १. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने गुप्तलेखनासाठी जे वक्र निवडले, त्यांतला एक याच संख्येवर उभा आहे. कारण या घडणीच्या संख्येने बाकी काढणे फार सोपे जाते. दशमान पद्धतीत ९९९ ने बाकी काढायची तर तीन तीन अंकांचे गट पाडून बेरीज करावी: १२३४५६७८९ साठी १२३, ४५६ आणि ७८९ यांची बेरीज १३६८, पुन्हा १ आणि ३६८ मिळून ३६९, बाकी तीच. द्विमान पद्धतीत मर्सेन संख्या म्हणजे सगळे १ च, म्हणून तिथेही गट पाडा, बेरीज करा, भागाकार करूच नका. याहून बोलके उदाहरण २ चा १९९३७ वा घात वजा १ हे आहे. ब्रायंट टकरमन यांनी १९७१ मध्ये ही संख्या मूळ असल्याचे दाखवले. १९९८ मध्ये मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी यादृच्छिक आकडे देणारी जी प्रसिद्ध रीत छापली, तिचे आवर्तन बरोबर एवढे लांब आहे. ते तेवढे लांब आहे याची खात्री पटते ती ही संख्या मूळ असल्यामुळेच; तिला अवयव असते तर आवर्तन वाटेत कुठे तुटत नाही ना, हे प्रत्येक अवयवासाठी वेगळे तपासावे लागले असते, आणि आधी ते अवयव शोधावे लागले असते. इथे उपयोगी पडले ते सिद्ध झालेले मूळपण. ती लांबलचक आहे एवढ्याने काम झाले नसते.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सर्वांत मोठी ज्ञात मूळसंख्या बहुतेक वेळा मर्सेन यांच्याच घडणीची का निघते? निसर्गात अशाच मूळसंख्या जास्त आहेत म्हणून? मुळीच नाही. कोणत्याही संख्येपासून तिच्या दुपटीपर्यंत किमान एक मूळसंख्या असतेच, हे चेबिशेव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिद्ध केले. २०२४ च्या आधीची विक्रमी संख्या २ चा ८,२५,८९,९३३ वा घात वजा १ ही होती. तिथून नव्या विक्रमापर्यंत ५ कोटी ३६ लाखांहून अधिक वेळा दुप्पट होते, म्हणजे या दोहोंच्या दरम्यान किमान तेवढ्या मूळसंख्या नक्की आहेत, प्रत्यक्षात तर कल्पनेपलीकडे अधिक. आणि २०१८ पासून सहा वर्षे त्यांतली एकही आपल्याला नावानिशी ठाऊक नव्हती. तेव्हा आक्षेपक म्हणतो की ही यादी सृष्टीबद्दल काही सांगत नाही, आपण कुठे शोधतो एवढेच सांगते. हे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो, आणि माझे प्रतिपादन त्यामुळेच पक्के होते. मूळसंख्या आहेत हे युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे. त्या अमर्याद आहेत हेही. अमुक एक संख्या मूळ आहे हे सांगायला मात्र पुराव्याची वाट असावी लागते, आणि मर्सेन संख्यांना ती वाट मिळते कारण त्यांत १ मिळवला की येणारी संख्या निव्वळ २ च्या गुणाकाराची, म्हणजे अवयव आधीच माहीत असलेली. विक्रमांची यादी म्हणजे मानवी युक्तिवादाची पोच कुठवर गेली याची नोंद आहे. ती तशीच वाचावी.

शेवटी म-१२७ च्या कुळाकडे परत वळतो, कारण पुराव्याची किंमत तिथे उघड दिसते. २ चा २ रा घात वजा १ म्हणजे ३. २ चा ३ रा घात वजा १ म्हणजे ७. २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. आणि २ चा १२७ वा घात वजा १ म्हणजे आपली म-१२७. प्रत्येक मूळ. साखळी इतकी नेटकी आहे की पुढची कडीही मूळ असणार असे म्हणावेसे वाटते. पण शेजारच्या साखळीने सावध केले आहे: २ चा १३ वा घात वजा १, म्हणजे ८१९१, मूळ आहे, तरी २ चा ८१९१ वा घात वजा १ ही संख्या १९५३ मध्ये संगणकाने संयुक्त ठरवली. आपल्या साखळीची पुढची कडी, म्हणजे २ चा म-१२७ वा घात वजा १, मूळ आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. तिच्यात किती अंक आहेत ही संख्याच ३८ अंकी आहे. ल्युकांची कसोटी तिलाही तत्त्वतः लागू पडते, पण म-१२७ हून दोनने कमी इतक्या वेळा वर्ग करायला या जगात वेळ नाही. कदाचित तिचा एखादा विभाजक कधी सापडेल. कदाचित पूर्ण नवा युक्तिवाद लागेल. मर्सेन यांच्या घडणीच्या ५२ मूळसंख्या २०२४ अखेर आपल्या हाती होत्या, पण अशा संख्या अमर्याद आहेत का, याचे उत्तर त्या बावन्न मिळूनही देऊ शकत नाहीत.

आपल्या शाळांतून १ ते १०० मधल्या पंचवीस मूळसंख्या पाठ करून घेतात. त्याला माझी हरकत नाही. पण ९७ मूळ आहे असे मुलाने म्हटले की ‘कशावरून?’ हा प्रश्न पाठोपाठ यायला हवा, आणि २, ३, ५, ७ नंतर थांबायला का हरकत नाही याचे कारण त्याने स्वतःच्या शब्दांत द्यायला हवे. ते कारण ज्याने एकदा दिले, तो ल्युकांच्या वाटेवर पहिले पाऊल टाकून चुकला. दोघांच्या कामात फरक आहे तो लांबीचा, जातीचा नाही. दावा कोणी केला, किती मोठ्या आवाजात केला, किती वेळा खरा निघाला, याने तो सिद्ध होत नाही. सिद्धता दुसऱ्याच्या हाती देता येते आणि त्याला ती आपल्या मदतीशिवाय तपासता येते. म-१२७ बद्दल मर्सेन यांनी जगाला मत दिले, ल्युकांनी सिद्धता दिली. गणित शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकाने या दोहोंतला भेद जपावा, कारण संख्यांविषयीचे आपले सारे खात्रीचे ज्ञान त्याच भेदावर उभे आहे.